पोस्टाची पावती हातात आहे, तरी पैसे अडकले! ऑनलाइन विकणाऱ्यांनी नेमका कुठला पुरावा जपायचा?

भिंगरी

मंडळी, जुन्या कॅमेऱ्यांच्या लेन्स साफसूफ करून ऑनलाइन विकण्याचा माझा उद्योग इथल्या काहींना माहीत आहे. चार वर्षं सुरळीत चाललं होतं. आता पहिल्यांदाच अडकले आहे.

एक ५० एमएमची लेन्स विकली. खरेदीदाराने पैसे साइटवरूनच भरले. दुसऱ्या दिवशी मी पोस्टात जाऊन पार्सल टाकलं. साधंच टाकलं, रजिस्टर नाही की ट्रॅकिंग नाही. पावती मात्र आठवणीने घेतली. तीवर तारीख, वेळ, वजन ४१२ ग्रॅम आणि जिथे जायचं तिथला पोस्टल कोड, एवढं छापलेलं आहे. अठराव्या दिवशी साइटचा निरोप आला: 'वस्तू मिळाली नाही' अशी तक्रार आहे, रक्कम गोठवली आहे, पुरावा द्या. मी पावतीचा फोटो चढवला. दोन तासांत उत्तर, पुरावा ग्राह्य नाही.

मी पार्सल टाकलं हे पोस्ट स्वतः छापून सांगतंय, आणखी काय हवं? वाटेत गहाळ झालं तर ती चूक माझी कशी? मैत्रीण म्हणते, नेट लावून भांड, पावती म्हणजे पावती. नवरा म्हणतो, सोडून दे. मला दोघांचंही पटत नाहीये. अनुभवी लोकांनी सांगा.

शंकेखोर

ट्रॅकिंग नाही म्हणताय तिथेच विषय संपला, ताई. वाईट वाटून घेऊ नका.

रिकामटेकडा

नवऱ्याचं ऐकायचं नाही हे तर ठरलेलंच असणार. आता मैत्रिणीचं ऐकायचं की नाही एवढंच बघू.

हिशेबनीस

पेमेंट कंपनीत तक्रारींच्या टेबलावर सहा वर्षं बसलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कंपनी कुठली ते विचारू नका.

भिंगरी, तुमच्या पावतीने सिद्ध काय होतं ते आधी बघा. अमुक दिवशी ४१२ ग्रॅमचं काहीतरी अमुक पोस्टल कोडच्या भागात जायला निघालं, एवढंच. ते त्या माणसाच्या दारात पोचलं का, हे पावतीला माहीत नाही. आत लेन्स होती की वीट, तेही माहीत नाही. तक्रारदार काय म्हणतोय? 'मला मिळालं नाही.' त्यावर तुम्ही म्हणताय, 'मी पाठवलं.' दोघंही खरं बोलत असू शकता! टेबलावर बसलेल्या माणसाला ही दोन वाक्यं एकमेकांना छेदताना दिसतच नाहीत, मग तो निकाल तुमच्या बाजूने देणार कसा?

पेपाल या ऑनलाइन पैसे देण्याघेण्याच्या सेवेचे विक्रेता-संरक्षणाचे, म्हणजे तक्रार आली तरी विक्रेत्याचे पैसे कधी राखायचे याचे, नियम उघडे आहेत, वाचून बघा. तिथे दोन पुरावे वेगळे धरले आहेत, पाठवल्याचा आणि पोचल्याचा. ज्याच्या खात्यातून पैसे गेले तो 'हा व्यवहार मी केलाच नाही' म्हणाला, तर पाठवल्याचा पुरावाही चालतो. पण 'वस्तू मिळाली नाही' अशी तक्रार असेल तर पोचल्याचाच लागतो. तोही व्यवहाराच्या पानावर जो पत्ता आहे त्याच पत्त्यावरचा. अमेरिकेतल्या नियमांत रक्कम ७५० डॉलर किंवा जास्त असेल तर नुसता 'डिलिव्हर्ड' शेरा पुरत नाही, घेणाऱ्याची सही लागते.

गहाळ झालं तर चूक तुमची नाही, हे बरोबर. पण पोस्टाशी करार तुमचा आहे, खरेदीदाराचा नाही. त्याने तुम्हाला पैसे दिले, तुम्ही पोस्टाला. पोस्टाने घोळ घातला तर पोस्टाशी तुम्ही भांडायचं.

भिंगरी

@हिशेबनीस, वाचून गप्प बसले. 'दोघंही खरं बोलत असू शकता' हे डोक्यातच आलं नव्हतं. मी गेले चार दिवस त्या माणसाला मनातल्या मनात चोर ठरवून मोकळी झाले होते.

खटपट्या

माझ्या माहितीत दहातले आठ चोरच असतात. इतकं हळवं व्हायचं कारण नाही.

सोनटक्का

@खटपट्या, ही आकडेवारी कुठून काढली? मी विकत नाही, फक्त घेते. माझीही ऐका.

मागे एक हेडफोन मागवला. दहा दिवसांनी साइटवर 'डिलिव्हर्ड'. घरी काहीच आलेलं नाही. तक्रार केली तर म्हणे ट्रॅकिंगनुसार पोचलं आहे, तक्रार बंद. मग वाहतूक कंपनीला फोन लावून लावून शेवटी पत्ता काढला. माझ्याच पोस्टल कोडमधल्या भलत्याच घरी एक पातळ पाकीट टाकलं होतं, वजन ३० ग्रॅम! हेडफोन ३० ग्रॅमचा नसतो. म्हणजे विक्रेत्याने मुद्दाम त्याच भागात कोणाला तरी रिकामं पाकीट पाठवलं आणि त्याचा ट्रॅकिंग नंबर माझ्या ऑर्डरला चिकटवला. वाहतूक कंपनीकडून पत्त्याचं आणि वजनाचं पत्र मिळवलं तेव्हा कुठे पैसे परत आले. त्यामुळे 'ट्रॅकिंग आहे ना, मग झालं' म्हणणाऱ्यांनीही जरा दमानं घ्यावं.

हिशेबनीस

@सोनटक्का, ही युक्ती आमच्याकडे रोजची होती. म्हणूनच मी पत्त्यावर जोर देतोय. पुष्कळ ठिकाणी ट्रॅकिंगच्या पानावर फक्त शहर आणि कोड दिसतो, पूर्ण पत्ता वाहतूक कंपनीच्या आतल्या नोंदीत असतो. तो मागून घ्यावा लागतो. आणि वजन! वजनाकडे कोणी बघत नाही.

पाचवा कोपरा

वाचतोय. उपयुक्त धागा.

टपालहंस

ट्रॅकिंगचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. आंतरराष्ट्रीय टपालावरचा १३ खुणांचा नंबर तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल. दोन अक्षरं, नऊ आकडे, पुन्हा दोन अक्षरं. हे युनिव्हर्सल पोस्टल युनियनचं एस-१० नावाचं मानक आहे. (ही संस्था १८७४ मध्ये बर्नला स्थापन झाली, अजून तिथेच आहे.) पहिलं अक्षर सेवा सांगतं. आर असेल तर रजिस्टर, सी असेल तर पार्सल, ई असेल तर ईएमएस म्हणजे जलद टपाल, व्ही असेल तर विमा उतरवलेलं. शेवटची दोन अक्षरं पाठवणाऱ्या देशाची.

आणि मधल्या नऊ आकड्यांतला शेवटचा आकडा मनचा नसतो, आधीच्या आठांवरून काढलेला असतो. समजा आठ आकडे १२३४५६७८ आहेत. त्यांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणायचं. ८ + १२ + १२ + ८ + १५ + ३० + ६३ + ५६, बेरीज २०४. तिला ११ ने भागलं की बाकी ६. अकरातून सहा गेले, राहिले ५. म्हणजे पूर्ण नंबर १२३४५६७८५. उत्तर १० आलं तर ० लिहायचा, ११ आलं तर ५.

कोणी तुम्हाला ठोकून दिलेला नंबर दिला तर वहीच्या मागच्या पानावर दोन मिनिटांत पकडता येतो. अर्थात गणित जुळलं म्हणजे पार्सल आहेच असं नाही. जुळलं नाही तर मात्र नंबर नक्की चुकलाय.

शंकेखोर

हे रोज कोण करणार?

रिकामटेकडा

मी केलं. नाव सार्थ करायला नको का? जुन्या आठ पार्सलांचे नंबर तपासायला बसलो, सात जुळले. आठव्या वेळी पावती सापडत नव्हती म्हणून साइटवर मी टाकलेला नंबरच घेतला, तो जुळेना. मग कपाट उपसून पावती काढली. पावतीवर ७ आणि मी टाइप केलेला १!! गेल्या वर्षी याच ऑर्डरला साइट म्हणाली होती 'असा नंबर अस्तित्वात नाही', आणि मी त्यांना लांबलचक शिव्या लिहून पाठवल्या होत्या. टपालहंस, तुमच्यामुळे माझं एक हक्काचं गाऱ्हाणं गेलं.

टपालहंस

:) १ आणि ७ ही जुनीच जोडी आहे. हाताने टाइप करूच नका, बारकोड स्कॅन करा.

निळी शाई

माझी फजिती वेगळी. एका खरेदीदाराने पैसे भरले आणि तासाभरात गोड निरोप: 'मी दिवसभर घरी नसते, पार्सल प्लीज माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवाल का?' मी म्हटलं त्यात काय एवढं. पाठवलं, ट्रॅकिंगसकट, सहीसकट. दोन आठवड्यांनी तक्रार, वस्तू मिळाली नाही. मी ऐटीत डिलिव्हरीचा पुरावा दिला. साइटचं उत्तर दोन ओळींचं: पुरावा नोंदवलेल्या पत्त्याचा नाही, सबब संरक्षण लागू नाही. वस्तूही गेली, पैसेही गेले.

आता कोणी पत्ता बदला म्हटलं की मी ऑर्डर रद्द करते आणि नव्या पत्त्याने पुन्हा घ्या म्हणते. खरा गिऱ्हाईक असतो तो कुरकुरतो पण घेतो.

हिशेबनीस

+१. आणि तुम्ही बरोबर पत्त्यावर पाठवलं तरी खरेदीदार वाटेत वाहतूक कंपनीला सांगून पार्सल दुसरीकडे वळवू शकतो. पेपालच्या नियमात मूळ पत्त्यावर पाठवून नंतर वळवलेलं पार्सलही संरक्षणाबाहेर आहे. कंपनीशी करार असेल तर पार्सल वळवायची सोय बंद करून ठेवा.

खटपट्या

आणि घरी येऊन वस्तू नेणारे? माझ्याकडून एकजण स्पीकर घेऊन गेला. पैसे ऑनलाइन भरलेले. हसत हसत हात मिळवला, गाडीत घातला. नंतर तक्रार, मिळालाच नाही. डिलिव्हरीचा स्कॅन कुठून आणू? म्हणून म्हणतो दहातले आठ.

सोनटक्का

तो एक झाला. उरलेले सात?

पाचवा कोपरा

=)) =))

खटपट्या

सोनटक्काताई, तुम्ही वकील आहात का?

निळी शाई

@खटपट्या, समोरासमोर देणार असाल तर पैसेही तिथेच घ्यायचे. काही साइटींवर वस्तू देताना खरेदीदाराच्या फोनवरचा कोड आपण टाकायचा अशी सोय आहे. तो कोड म्हणजेच पोचपावती.

उलट बाजूने खरेदीदारांनाही एक सांगते. 'मित्र-नातेवाईक' म्हणून पैसे पाठवा, शुल्क वाचेल, असं विक्रेता म्हणाला तर तिथून उठा. त्या प्रकारच्या पैशाला खरेदीचं संरक्षण नसतं.

जुनेपुराणे

तुम्ही सगळे 'पोचलं की नाही' यातच गुंतलाय. माझ्या मते खरी डोकेदुखी 'पोचलं, पण वर्णनाशी जुळत नाही' ही आहे. विक्रेता-संरक्षणात ती तक्रार येतच नाही, सगळी सह्या-स्कॅनची भेंडोळी घेऊन बसा.

मी जुनी घड्याळं विकतो. एकाने चालू घड्याळ घेतलं आणि 'बंद आहे' म्हणून परत पाठवलं. उघडून बघतो तो आतलं यंत्र माझं नव्हतंच. त्याच्या बंद घड्याळाचं यंत्र माझ्या केसमध्ये घालून पाठवलं होतं. तेव्हापासून मी मागचं झाकण उघडून यंत्रावरच्या नंबराचा फोटो काढतो आणि तो फोटो लिस्टिंगमध्येच टाकतो. भामटा असला तर फोटो बघून दुसऱ्या दुकानी जातो.

बाकी, ईबे या लिलावाच्या साइटची १९९५ मधली सुरुवात माहीत आहे ना? तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक बिघडलेला लेझर पॉइंटर. बिघडलेला आहे हे सांगून विकलेला! घेणाऱ्याला तसलेच हवे होते. वर्णन कसं करावं याचा इतका चांगला नमुना पुढे त्या साइटवर फार दिसला नाही.

शंकेखोर

२००८ पासून ईबेवर विक्रेत्याला खरेदीदाराबद्दल वाईट शेराही देता येत नाही. म्हणजे आपण आपलं तोंड दाबून बसायचं.

हिशेबनीस

@शंकेखोर, त्यामागे कारण होतं. खरेदीदाराने वाईट शेरा दिला की विक्रेते सूड म्हणून उलट वाईट शेरा द्यायचे, त्या भीतीने खरेदीदार खरं लिहीत नव्हते. पण तो वेगळा धागा होईल.

@जुनेपुराणे, अगदी बरोबर. त्यात एक भर घालतो. साइटवर जिंकलात म्हणजे सुटलात असं नाही. खरेदीदाराने कार्डाने पैसे भरले असतील तर तो बँकेकडे जाऊन चार्जबॅक, म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे परत, मागू शकतो. व्हिसा या कार्ड कंपनीच्या यादीत 'माल मिळाला नाही' याला १३.१ आणि 'वर्णनाशी जुळत नाही' याला १३.३ असे कोड आहेत. मुदतही लांब असते. ईबेवर डिलिव्हरीनंतर साधारण ३० दिवस, पेपालवर पैसे भरल्यापासून १८० दिवस. म्हणजे महिना झाला, पावत्या फेकल्या, असं करू नका.

वेंधळी

फेकायची गरजच काय? त्या आपोआप जातात. काउंटरवर मिळणारी पावती थर्मल कागदाची असते. मी सगळ्या पावत्या खिडकीतल्या डब्यात ठेवत होते. चार महिन्यांनी एक लागली म्हणून काढली तर कोरा करकरीत कागद. प्रकाशाकडे तिरका धरला तेव्हा पोस्टाच्या चिन्हाची सावली तेवढी दिसली. आता पावती हातात पडली की काउंटर सोडायच्या आधी फोटो. पावती पार्सलवरच्या लेबलशेजारी धरून, दोन्ही एकाच फोटोत.

टपालहंस

@वेंधळी, लाख बोललात. ब्रिटनमध्ये पोस्ट टाकल्याची पावती काउंटरवर मागितली की फुकट मिळते, अमेरिकेत त्यासाठी वेगळं शुल्क भरावं लागतं आणि टपाल खातं स्वतःकडे प्रतही ठेवत नाही. तुमच्या हातातला कागद तेवढाच!

जुनेपुराणे

पॅक करतानाचा व्हिडिओ काढणारे कोणी आहे का इथे? मला तो प्रकार फुसका वाटतो. व्हिडिओ संपल्यावर मी डबा उघडून वस्तू काढून घेतली नाही हे कशावरून?

निळी शाई

मी काढते, पण काउंटरपर्यंत एका दमात. वजनकाट्यावर ठेवलेलं दिसलं पाहिजे. निर्णायक नाहीच, तरी टेबलावरच्या माणसाचं मत जरा झुकतं.

हिशेबनीस

झुकतं. फार नाही, पण झुकतं. व्हिडिओपेक्षा काउंटरवरचं छापील वजन जास्त बोलतं, कारण ते तिसऱ्याने केलेलं असतं. 'रिकामा डबा आला' म्हणणाऱ्याला विचारता येतं की मग ४१२ ग्रॅम कशाचे होते?

पाचवा कोपरा

मी पुस्तकं विकतो, स्वस्तातली. प्रत्येकाला ट्रॅकिंग लावलं तर पुस्तकापेक्षा टपाल महाग पडतं. मी साधं टाकतो आणि शंभरात दोन-तीन गेली असं धरूनच किंमत लावतो. तक्रार आली की वाद न घालता पैसे परत. झोप चांगली लागते. माझा साधा नियम: जे गेलं तर दिवसभर चुटपुट लागेल, त्याला ट्रॅकिंग.

शंकेखोर

शंभरात दोन-तीन जातात, की तुम्ही लगेच पैसे देता हे कळल्यामुळे दोन-तीन जण 'गेलं' म्हणतात?

पाचवा कोपरा

असतीलही. ती पुस्तकं कोणीतरी वाचतंय असं समजतो.

रिकामटेकडा

भिंगरीताई कुठे गायब झाल्या? धागा काढायचा आणि पळायचं, ही पण एक फसवणूकच. धाग्याला ट्रॅकिंग नाही का?

भिंगरी

आले, आले. सांगण्यासारखं काही घडेपर्यंत थांबले होते. आता घडलं आहे, आणि ते माझ्या फारसं बाजूचं नाही.

साइटने निकाल खरेदीदाराच्या बाजूने दिला, त्याचे पैसे परत गेले. हिशेबनीस म्हणाले तसं मी मग पोस्टाशी भांडायला निघाले. आणि गंमत म्हणजे जी पावती साइटने झटकली तीच पोस्टाने पहिली मागितली! पार्सल हरवल्याची भरपाई मागायची तर टाकल्याचा पुरावा हवा, आणि वस्तूच्या किमतीचा. साइटचं विक्रीचं पान छापून जोडलं. भरपाईला कमाल मर्यादा आहे, लेन्सची पूर्ण किंमत निघणार नव्हती, पण अर्ज घेतला.

ही झाली पंधरा दिवसांपूर्वीची गोष्ट. काल दारात माझंच पार्सल. डब्याचा एक कोपरा चेपलेला, वर पिवळी चिठ्ठी, 'अपुरा पत्ता', आणि तीन वेगवेगळ्या तारखांचे शिक्के. मी साइटवरचा पत्ता उघडून डब्याशी ताडून पाहिला. पत्ता मी मार्करने हाताने लिहिला होता. इमारतीचं नाव आहे, रस्ता आहे, पोस्टल कोड आहे. फ्लॅट नंबर नाही. पावतीवर नुसता कोड छापलेला, त्यामुळे इतके दिवस फोटो बघूनही लक्षात आलं नाही.

खरेदीदाराला लिहून माफी मागितली. त्याने तोवर दुसरी घेतली होती. पोस्टातला अर्ज आज सकाळी मागे घेतला. काउंटरवरच्या बाई काही बोलल्या नाहीत, फक्त डब्याकडे बघितलं.

वेंधळी

ताई, माझं टोपणनाव तुम्हाला देऊ का?

सोनटक्का

@खटपट्या, हा मात्र उरलेल्या दोघांतला निघाला.

खटपट्या

मान्य. एक.

हिशेबनीस

छापील लेबल वापरा, साइटवरून थेट निघतं. पत्ता नकलून काढणं हा प्रकारच बंद करा. आणि लेन्स ठीक आहे ना?

भिंगरी

डब्याच्या आत बबल रॅपचे तीन थर होते, ओरखडासुद्धा नाही. संध्याकाळी पुन्हा लिस्टिंगला टाकतेय.

जुनेपुराणे

बुरशी वगैरे?

भिंगरी

नाही. ॲपर्चरच्या पात्यांवर तेलाचा हलका डाग आहे, फोटो क्रमांक ६ मध्ये दिसेल. ट्रॅकिंगसकट पाठवेन, लेबल छापील असेल. घेताय का?

जुनेपुराणे

फ्लॅट नंबर ११ आहे. आधीच सांगून ठेवतो.